मोटारसायकलीस योग्य इंधन कोणतें?



आपल्या वसई-विरार भागांत ज्याच्या अंगणांत मोटारसायकल उभी नाहीं असें घर आज विरळाच सांपडेल. पहाटे भाजीचे भारे व फुलांच्या टोपल्या बाजारास न्यावयाच्या असोत, दूध घरोघर पोंचवावयाचें असो, किंवा लोकलगाडी गांठण्यासाठीं वडील मंडळींस वसई, नालासोपारा अथवा विरार स्टेशनावर जावयाचें असो, या वाहनावांचून आतां पान हालत नाहीं. पूर्वीं गोठ्यांत बैल असे, तेव्हां त्याला कोणती वैरण घालावी, पेंड किती द्यावी, याचें ज्ञान घरांतील लहान मुलालाहि होतें. आज बैलाच्या जागीं इंजिन आलें. परंतु त्याच्या वैरणीविषयीं आपण बेफिकीर आहों. पंपावर “दोनशेंचें टाका” एवढे दोन शब्द उच्चारले, कीं आपलें कर्तव्य संपलें असें आपणांस वाटतें.

तुमच्यापैकीं बहुतेकांचें वय वाहन चालविण्याचें नाहीं, आणि परवान्यावांचून कोणीं तें चालवूंहि नये. २०१९ सालच्या मोटारवाहन कायद्याच्या दुरुस्तीप्रमाणें अज्ञान मुलाच्या हातून असा गुन्हा घडल्यास त्याच्या पालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. परंतु वाहन चालविण्यास जरी वय लागतें, तरी तें समजून घेण्यास वय लागत नाहीं. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांचे जे धडे आपण वर्गांत शिकतों, ते घरच्या मोटारसायकलीच्या टाकींत कसे प्रत्यक्ष दिसतात, हें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

इंजिनाच्या पोटांत काय घडतें?

जर्मन यंत्रज्ञ निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं चार टप्प्यांत चालणारें इंजिन सिद्ध केलें. पुढें १८८५ मध्यें गॉटलिब डाइमलर यानें तसल्याच जातीचें एक छोटें इंजिन लांकडी सांगाड्याच्या दुचाकीवर बसविलें. आजच्या मोटारसायकलीची ती पूर्वज होय. ते चार टप्पे असे: दट्ट्या खालीं जातांना नळकांड्यांत पेट्रोलची वाफ व हवा ओढली जाते, तो वर येतांना तें मिश्रण दाबलें जातें, मग प्लगची ठिणगी पडून त्याचा भडका होतो व दट्ट्या जोरानें खालीं ढकलला जातो, आणि शेवटीं जळलेला धूर बाहेर टाकला जातो.

यांपैकीं दुसरा टप्पा आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. समजा, दट्ट्या अगदीं खालीं असतां नळकांड्यांत ११० घन सेंटिमीटर जागा आहे, आणि तो अगदीं वर आला असतां ११ घन सेंटिमीटर जागा उरते. म्हणजे मिश्रण मूळच्या एकदशांश जागेंत कोंबलें गेलें. या प्रमाणास दाबाचें गुणोत्तर म्हणतात. येथें तें १० झालें. हें गुणोत्तर जितकें मोठें, तितकें तेवढ्याच पेट्रोलांतून काम अधिक मिळतें. आपल्याकडील १०० ते १२५ घन सेंटिमीटरच्या साध्या मोटारसायकलींत तें साधारणपणें ९ ते १० च्या आसपास असतें. उलट, वेगासाठीं बनविलेल्या काहीं गाड्यांत तें १२ च्याहि वर जातें.

मग सर्वच इंजिनांत तें वीस-पंचवीस कां करीत नाहींत? याचें कारण असें कीं, वायु दाबला म्हणजे तो तापतो. सायकलीच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें टोंक गरम झालेलें तुम्हीं पाहिलेंच असेल. मिश्रण प्रमाणाबाहेर दाबलें, तर ठिणगीनें पेटलेली ज्योत पोंचण्यापूर्वींच त्याचा दूरचा भाग आपोआप पेट घेतो. मग नियमित जळण्याऐवजीं एकदम धडाका होतो, आणि पत्र्याच्या डब्यांत खडे वाजावे तसा टक् टक् आवाज येतो. चढावर अथवा मागें ओझें असतां हा आवाज विशेष ऐकूं येतो. असें फार दिवस चाललें तर दट्ट्यास इजा होते, इंजिन तापतें आणि शेवटीं मिस्त्रीचें बिल वाढतें.

ऑक्टेन म्हणजे शक्ति नव्हे

पेट्रोल हा एकच शुद्ध पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचें मिश्रण आहे. त्यांतील काहीं घटक दाबाखालीं लवकर पेटतात, काहीं धीर धरतात. हा धीर मोजण्यासाठीं १९२६ च्या सुमारास अमेरिकेंत ग्रॅहॅम एडगर या रसायनज्ञानें एक माप सुचविलें. नॉर्मल हेप्टेन हा द्रव फार लवकर धडाका करतो, म्हणून त्यास शून्य गुण दिले. आयसो-ऑक्टेन सहजासहजीं तसा धडाका करीत नाहीं, म्हणून त्यास शंभर. एखादें पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखें वागलें, तर त्याचा ऑक्टेन अंक ९१ होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ऑक्टेन अंक हा इंधनांतील शक्तीचा अंक नव्हे, तर त्याच्या सहनशीलतेचा अंक आहे. ज्या इंजिनाचें दाबाचें गुणोत्तर ९ आहे व ज्याला ९१ अंकाचें पेट्रोल पुरेसें आहे, त्यांत १०० अंकाचें महाग पेट्रोल ओतल्यानें गाडी बलवान होत नाहीं. चाळीस किलो ओझें उचलणाऱ्या हमालापुढें शंभर किलो पेलणारी दोरी ठेवली, म्हणून तो शंभर किलो उचलूं लागत नाहीं. परंतु ज्या गाडीच्या निर्मात्यानें आपल्या पुस्तिकेंत अधिक अंकाचें इंधन सांगितलें आहे, त्या गाडींत कमी अंकाचें घालणें हेंहि तितकेंच अयोग्य. महाग तें चांगलें हा नियम येथें लागू नाहीं, आणि स्वस्त तें पुरेसें हाहि नाहीं. जें इंजिनास अनुरूप तेंच योग्य.

शिशाची शोचनीय कथा

ऑक्टेन वाढविण्याचा एक सोपा उपाय १९२१ सालीं अमेरिकेंत टॉमस मिज्ली यास सांपडला. टेट्राएथिल लेड नांवाचें शिशाचें संयुग थोडेसें मिसळलें, कीं धडाका बंद होई. जगभर हें पेट्रोल खपूं लागलें. परंतु शिसें हें विष आहे, आणि धुरावाटे हवेंत पसरलेलें तें विष लहान मुलांच्या मेंदूस विशेष अपाय करतें. हें ठाऊक असतांहि स्वस्त उपायाचा मोह सुटावयास अनेक दशकें लागलीं. भारतांत १ फेब्रुवारी २००० पासून शिसेंमिश्रित पेट्रोलची विक्री सर्वत्र बंद झाली. जगांतील शेवटचा देश अल्जीरिया यानें तें २०२१ सालीं थांबविलें. आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ हें मान लागू झालें. त्यामुळें पेट्रोलांतील गंधकाचें प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर उतरलें. इंधनाची निवड ही केवळ आपल्या खिशाची बाब नसून शेजाऱ्याच्या फुप्फुसांचीहि आहे, हें या कथेवरून ध्यानांत यावें.

उसापासून आलेलें इंधन

आतां आपण आजच्या काळाच्या मुख्य प्रश्नाकडे वळूं. आपल्या पंपावर मिळणारें पेट्रोल हें आतां निव्वळ पेट्रोल राहिलेलें नाहीं. त्यांत इथेनॉल, म्हणजे ऊस, मळी अथवा धान्य यांपासून काढलेला मद्यार्क, मिसळलेला असतो. या प्रयोगाच्या आरंभाशीं आपल्या महाराष्ट्राचा निकट संबंध आहे. २००१ सालीं देशांत जे प्राथमिक प्रयोग झाले, त्यांपैकीं दोन मिरज व मनमाड येथें झाले. २००३ मध्यें काहीं राज्यांत शेंकडा ५ मिश्रण सुरू झालें. जून २०२२ मध्यें देशानें शेंकडा १० ची मजल गांठली. ६ फेब्रुवारी २०२३ रोजीं शेंकडा २० चें मिश्रण, म्हणजे ‘ई-२०’, विक्रीस आलें. आणि २०२५ पर्यंत तें जवळजवळ सर्वत्र पसरलें.

या मिश्रणाचे गुण आधीं पाहूं. परदेशांतून आणावयाच्या कच्च्या तेलाचा खर्च कांहीं अंशीं वांचतो, आणि तो पैसा ऊस व धान्य पिकविणाऱ्याकडे जातो. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन अंक सुमारें १०८ असल्यामुळें मिश्रणाची सहनशीलता वाढते. पूर्वीं साध्या पेट्रोलचा अंक ९१ होता, तो ई-२० मध्यें ९५ झाल्याचें पेट्रोलियम मंत्रालयानें २०२५ सालीं सांगितलें.

आतां दोष पाहूं, आणि तो गणितानें पाहूं. एक लीटर पेट्रोल जाळलें असतां सुमारें ३२ मेगाजूल उष्णता मिळते. एक लीटर इथेनॉलापासून सुमारें २१ च मिळते. म्हणून शेंकडा १० मिश्रणाच्या एका लीटरांत २८.८ अधिक २.१, म्हणजे ३०.९ मेगाजूल, आणि शेंकडा २० मिश्रणांत २५.६ अधिक ४.२, म्हणजे २९.८ मेगाजूल. दहावरून विसावर जातांना घट झाली १.१ मेगाजूल, म्हणजे शेंकडा साडेतीनच्या सुमारास. नीति आयोगानें जून २०२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांतहि, शेंकडा १० मिश्रणास जुळविलेल्या दुचाकींची इंधनकार्यक्षमता ई-२० वर शेंकडा ३ ते ४ नीं घटेल, असेंच म्हटलें आहे. वर्गांतील गणित व तज्ज्ञांचा अंदाज येथें एकमेकांस मिळतात.

याचा अर्थ घरच्या हिशेबांत काय होतो? समजा, एका दूधवाल्याची गाडी लीटरमागें ५० किलोमीटर जात होती, व तो वर्षांत ३०० दिवस रोज ४० किलोमीटर फिरतो. त्याचा प्रवास १२,००० किलोमीटर, आणि पेट्रोल २४० लीटर. साडेतीन टक्के घट झाल्यावर गाडी लीटरमागें ४८.२५ किलोमीटर जाईल, व तितक्याच प्रवासास सुमारें २४९ लीटर लागतील. म्हणजे वर्षाकांठीं नऊ लीटरांचा भुर्दंड. हा भार प्राणघातक नाहीं. पण तुटपुंज्या मिळकतीच्या माणसास तो उपेक्षणीयहि नाहीं. गाडीची सरासरी निम्म्यावर आली, असें जे कोणी सांगतात, त्यांनीं दोष इंधनाला देण्यापूर्वीं प्लग, साखळी, ब्रेक व चाकांतील हवा तपासून पाहावी. आणि फरक मुळींच पडत नाहीं, असें जे सांगतात, त्यांनीं वरील गुणाकार करून पाहावा.

जुनी गाडी व नवी गाडी

इथेनॉलाच्या रेणूंतच प्राणवायु असल्यामुळें त्यास जळावयास हवा कमी लागते. पेट्रोलच्या एका भागास वजनानें १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलास सुमारें ९ भागच पुरते. २०२० नंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत पेट्रोल फवाऱ्यानें सोडण्याची योजना असून, धुरांतील प्राणवायु मोजून इंधन कमीअधिक करणारें यंत्र बसविलेलें असतें. तें हा फरक बऱ्याच अंशीं आपोआप सांभाळून घेतें. परंतु जुन्या गाडींतील कार्बुरेटर आंधळा आहे. त्याच्या भोंकांतून ठराविकच इंधन येणार. त्यामुळें मिश्रणांत हवेचें प्रमाण अधिक होतें, सकाळीं गाडी सुरू होण्यास त्रास देते व इंजिन जरा अधिक तापतें. शिवाय इथेनॉल काहीं जातींच्या रबरास फुगवितें अथवा कडक करतें. जुन्या गाडींतील काहीं रबरी भाग व पॅकिंग लवकर बदलावे लागूं शकतात, हें मंत्रालयानेंहि मान्य केलें आहे.

नीति आयोगाच्या आराखड्याप्रमाणें एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ई-२० सहन करणारे असावेत, व एप्रिल २०२५ पासून इंजिनेंहि त्यास जुळविलेलीं असावींत, अशी योजना होती. आपल्या गाडीविषयीं शंका असेल, तर पुस्तिका उघडून पाहावी अथवा टाकीच्या झांकणाजवळील चिठ्ठी वाचावी. गाडी जुनी असेल, तर पेट्रोलची नळी, कार्बुरेटरमधील रबरी कडीं व नळाचें पॅकिंग मिस्त्रीकडून वर्षांतून एकदां तपासून घ्यावीं. नळी स्वस्त आहे; तापलेल्या इंजिनावर गळणारें पेट्रोल फार महाग पडतें.

आमची दमट हवा व पावसाळा

वर सांगितलेलें सर्व देशास सारखेंच लागू आहे. पण वसईस एक गोष्ट विशेष लागू आहे, ती म्हणजे पाणी. एका बाजूस समुद्र, दुसरीकडे खाडी, आणि चार महिने धो धो पाऊस. जुलै २०१८ मध्यें वसई-विरारमध्यें जो महापूर आला, त्यांत रुळ बुडून गाड्या अडकल्या व वस्त्यांत कित्येक दिवस पाणी राहिलें, हें तुमच्या घरच्या मंडळींस आठवत असेल.

शुद्ध पेट्रोल व पाणी एकमेकांत मिसळत नाहींत. इथेनॉल मात्र पाण्याचें मित्र आहे. थोडें पाणी टाकींत शिरलें, तर इथेनॉल तें आपल्या पोटांत सामावून घेतें. पण मर्यादा ओलांडली, कीं इथेनॉल पेट्रोलची संगत सोडून पाण्यासह तळाशीं बसतें. इंजिनाकडे जाणारा नळ तळाशींच असतो. म्हणून गाडी आचके देते आणि बंद पडते, आणि टाकीचा पत्रा आंतून गंजूं लागतो.

हें पाहण्यासाठीं प्रयोगशाळेंत एक सोपा प्रयोग करतां येतो. तो शिक्षकांनींच, खिडक्या उघड्या ठेवून व जवळपास कोणतीहि ज्योत नसतां, करून दाखवावा. घरीं कोणीं करूं नये. अंकित नळींत ५० घन सेंटिमीटर पेट्रोल व १० घन सेंटिमीटर पाणी घालून बूच लावावें, हलवावें व स्थिर ठेवावें. पेट्रोल निव्वळ असेल, तर खालचा थर १० च राहील. तें ई-२० असेल, तर त्यांतील सुमारें १० घन सेंटिमीटर इथेनॉल पाण्यांत उतरून खालचा थर जवळजवळ २० होईल.

यावरून व्यवहाराचे नियम आपोआप निघतात. पावसाळ्यांत गाडी शक्यतों छपराखालीं ठेवावी. टाकीच्या झांकणाचें रबर तपासावें. गाडी बरेच दिवस उभी राहावयाची असेल, तर टाकी जवळजवळ भरलेली ठेवावी, म्हणजे आंत दमट हवेस जागा कमी उरते. मात्र कांठोकांठ भरूं नये, कारण पेट्रोल उन्हानें फुगतें. पुरांत गाडी बुडाली, तर तिला लाथ मारून सुरू करण्याचा मोह टाळावा. मिस्त्रीकडून टाकी रिकामी करवावी, तेल बदलवावें, प्लग काढून नळकांडें कोरडें करवावें, व मगच ती सुरू करावी. आणि काढलेलें तें गढूळ पेट्रोल गटारांत, विहिरींत किंवा बावखलांत ओतूं नये. ज्या बावखलाच्या पाण्यावर आपल्या पूर्वजांनीं केळी व पानवेली जगविल्या, त्यांत विष कालविणें हा कृतघ्नपणा होय.

भेसळ: इंधनाचा खरा शत्रु

इथेनॉलचें मिश्रण उघड, कायदेशीर व मोजलेलें असतें. खरी भीति चोरट्या मिश्रणाची आहे. रॉकेल पेट्रोलपेक्षां स्वस्त असे, म्हणून लोभी माणसें तें पेट्रोलांत घालीत. रॉकेलचा ऑक्टेन अंक फार कमी. तें नीट जळत नाहीं, काजळी धरतें व धडाका वाढवितें. हा अपराध किती भयंकर थरास जातो, याची साक्ष आपल्याच राज्यांत आहे. मालेगांवचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनीं २५ जानेवारी २०११ रोजीं मनमाडजवळ पानेवाडी येथें तेलाची चोरी व भेसळ चाललेली पाहून ती रोखण्याचा यत्न केला. तेव्हां त्या टोळीनें त्यांना जिवंत जाळलें. आपल्या टाकींत शुद्ध इंधन पडावें, यासाठीं एका कर्तव्यनिष्ठ अधिकाऱ्यानें प्राण वेंचले, हें आपण विसरतां कामा नये.

म्हणून ग्राहकानें आपला हक्क नम्रपणें पण निर्भयपणें वापरावा. पंपावर फिल्टरकागद मागतां येतो. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला असतां तो उडून जावा व डाग राहूं नये. त्या दिवशींची घनता लिहिलेली असते, ती पाहावी. नोंदीपेक्षां ती घनमीटरमागें ३ किलोग्रॅमहून अधिक फरकानें निराळी आढळली, तर शंकेस जागा आहे. माप कमी वाटलें, तर ५ लीटरच्या प्रमाणित मापांत ओतून दाखविण्यास सांगावें. आणि पावती घ्यावी. पावतीवांचून तक्रारीस पाय नसतात.

निवडीचें सार

तर मग योग्य इंधन कोणतें? पहिली गोष्ट, पुस्तिकेंत जो ऑक्टेन अंक सांगितला आहे तो; त्याहून कमी नको, व अधिकासाठीं उगाच पैसे नकोत. दुसरी, गाडी ई-२० साठीं बनविलेली असेल, तर निःशंक मनानें साधें पेट्रोल घ्यावें. तिसरी, गाडी जुनी असेल, तरीहि घाबरूं नये. रबरी भाग व कार्बुरेटर यांकडे लक्ष द्यावें. महाग पेट्रोल घेणारच असाल, तर तें इथेनॉलविरहित आहे असें गृहीत न धरतां पंपावर विचारावें. चौथी, ज्या पंपावर विक्री भरपूर व व्यवहार उघड, तेथेंच नेहमीं जावें. पांचवी, बाटलींतून विकलें जाणारें पेट्रोल कधींहि घेऊं नये.

पेट्रोलवांचूनहि एक मार्ग आतां उघडला आहे. नैसर्गिक वायूवर चालणारी जगांतील पहिली मोटारसायकल बजाज कंपनीनें ५ जुलै २०२४ रोजीं पुण्यांत सादर केली. तींत २ किलो वायु व २ लीटर पेट्रोल अशा दोन्ही टाक्या आहेत. रोज पुष्कळ फिरणाऱ्यास, व जवळ वायूचा पंप असणाऱ्यास, ती विचार करण्याजोगी आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्याहि आहेत. त्यांचा विचार स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

मित्रहो, आज सायंकाळीं घरीं गेल्यावर गाडीची पुस्तिका शोधून काढा, तींतील इंधनाचें पान वडिलांना वाचून दाखवा, आणि गाडी कोणत्या सालची आहे तें पाहा. महिनाभर टाकलेलें पेट्रोल व चाललेले किलोमीटर एका वहींत लिहून ठेवा व भागाकार करा. कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न मग उरणार नाहीं. तुमची वहीच उत्तर देईल. विद्या ती, जी घरच्या अंगणांत उपयोगी पडते.